‘त्या जेवत आहेत’ : एका निवृत्त स्टेशन मास्तरांना आभारपत्र

आदरणीय काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे नाव आणि गाव कोठेही येऊ द्यायचे नाही, या अटीवर तुम्ही मला हे पत्र जाहीरपणे लिहिण्याची परवानगी दिलीत. घरी येऊन आभार मानण्याचा प्रयत्न मी दोनदा केला, परंतु दोन्ही वेळा तुम्ही पावसाचा विषय काढलात, काकूंनी चहा आणला आणि मनातले बोलणे मनातच राहिले. गणपतीला अजून दोन आठवडे आहेत, चाकरमानी यायचे आहेत, खोल्या रिकाम्या आहेत आणि आज मंगळवार आहे. मंगळवारी दुपारी मला सवड असते, हे वाक्य दोन वर्षांपूर्वी मला लिहिता आले नसते.

सासऱ्यांनी लावलेली हापूसची दीडशे कलमे, कोकमाचे आगळ, आमसूल व फणसपोळी यांचा छोटा कारखाना आणि समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवरचे चार खोल्यांचे होमस्टे, असे तीन व्यवसाय, यजमान वर्षातले सहा-सात महिने बोटीवर असल्यामुळे, मी एकटी पाहते. अनेकांना हा हव्यास वाटतो. हापूस एका वर्षी भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, मोहोरावर अवकाळी पाऊस पडला तर हाताशी आलेलेही जाते, म्हणून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे घर एकाच पिकावर विसंबून राहत नाही, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. माझी अडचण वेगळीच होती. तिन्ही व्यवसायांची घाई एकाच वेळी येते. एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत आंबा उतरवायचा असतो, त्याच दिवसांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात आणि आमसूल ऊन आहे तोवरच सुकते, आणि मुंबई-पुण्याच्या शाळांना सुट्टीही नेमकी तेव्हाच लागते. जुलैत मात्र कौलांवरचा पाऊस ऐकत बसण्याखेरीज फारसे काम नसते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत नऊ हजार रुपये भरून मी वेळेच्या नियोजनाच्या एका कार्यशाळेला गेले होते. तेथील सल्लागारांनी पहाटे पाचला उठण्याचा मंत्र दिला. आंब्याच्या दिवसांत तोपर्यंत आमचे गडी झेले, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठ्या, घेऊन बागेत निघालेले असतात, हे त्यांना सांगण्याचे धाडस मला झाले नाही. त्यांनी चार चौकटी आखायला लावल्या, तातडीचे आणि महत्त्वाचे वेगळे करायला सांगितले, आणि मे महिना लागताच माझी सगळी कामे एकाच चौकटीत जाऊन बसली. २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती ही पद्धतही वाईट नाही, परंतु ती टेबल-खुर्चीवरच्या कामाला शोभते. आढीत, म्हणजे गवतात, पिकत घातलेले फळ आणि दारात उभे राहिलेले पाहुणे घड्याळाची घंटा होण्याची वाट पाहत नाहीत. माझी अडचण मी त्यांना दोनदा सविस्तर लिहून कळवली, तेव्हा उत्तरादाखल पुढच्या, अधिक महागड्या वर्गाची जाहिरात आली. एका नातेवाइकांनी तर तीनपैकी दोन धंदे विकून टाकण्याचा सल्ला दिला आणि निघताना आंब्याची पेटी मागितली, तीही फुकट.

त्याच मे महिन्यात तुमची पेटी घेऊन मी दहा दिवस उशिरा तुमच्या दारात आले. दुपारचे अडीच वाजले होते आणि सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हते. पडवीत टेकेपर्यंत फोन तीन वेळा वाजला. उशीर का झाला, असे तुम्ही विचारले नाहीत. हात पुढे करून फोन मागून घेतलात आणि काकूंना पान वाढायला सांगितलेत. मी आत भात आणि सोलकढी जेवत होते आणि खिडकीतून तुमचा आवाज येत होता, ‘‘नमस्कार. त्या जेवत आहेत. निरोप सांगा, मी लिहून घेतो.’’ पुन्हा घंटा, पुन्हा तेच शब्द, पहिल्या वेळेइतक्याच शांतपणे. मी जेवत आहे ही गोष्ट चार लोकांना सांगण्याजोगी असते, आणि ती ऐकून ते थांबू शकतात, हे मला इतक्या वर्षांत सुचलेच नव्हते. आजवर मी प्रत्येक घास खाली ठेवून फोन उचलत आले होते.

पाऊण तासाने तुम्ही वही माझ्यासमोर ठेवलीत. वेळ, नाव, निरोप, अशा तीन रकान्यांत सतरा नोंदी होत्या. आंबा घेऊन वाशीच्या बाजारात जाणाऱ्या गाडीचा एक आणि तापाने फणफणलेल्या एका पाहुण्याच्या मुलाचा एक, एवढे दोनच निरोप खरोखर माझ्यासाठी होते. बाकीचे दुसऱ्या कोणालाही निस्तरता आले असते आणि त्यांतले चार तर केवळ पेटी निघाली का, हे विचारणारे होते. रागावले मात्र कोणीही नव्हते.

मग तुम्ही एवढेच म्हणालात, ‘‘एकाच रुळावर तीन गाड्या सोडल्यास. थांबवायची कुठली आणि कुठे, ते ठरवलंस का?’’

रोह्यापासून ठोकूरपर्यंतची आपली कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी आजही एकेरी आहे. राजधानी पुढे जावी म्हणून पॅसेंजर क्रॉसिंगला थांबते आणि आतले प्रवासी कुरकुरतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. गाड्यांचे नियंत्रण करणाऱ्या कंट्रोल ऑफिसच्या कागदावर वेळ आडवी आणि स्टेशने उभी मांडतात, प्रत्येक गाडी ही एक तिरकी रेघ असते आणि समोरासमोरच्या दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतात तेथे स्टेशन असावेच लागते, हे मात्र त्या दुपारी प्रथम समजले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तुम्ही तासांऐवजी महिने मांडलेत आणि माझ्या तीन रेघा काढल्यात. त्या जेथे छेदत होत्या, तेथे माझे एकही स्टेशन नव्हते. पावसात रेल्वेही गाड्यांचा वेग उतरवून वेगळे वेळापत्रक लावते, मग तुझे बाराही महिने एकच कसे, असेही तुम्ही विचारलेत. कार्यशाळेत माझ्या दिवसाचे तास मोजले गेले होते. वर्षाचे महिने कोणी मोजले नव्हते.

यंदा मे महिन्यात मंगळवारी आणि बुधवारी खोल्या दिल्या नाहीत. पेट्या फक्त सोमवारी आणि गुरुवारी निघतील, हे गिऱ्हाइकांना आधीच कळवले. रातांबे फोडण्याचे काम वाडीतल्या बचत गटाकडे सोपवले, आणि लेबले, बाटल्या, परवान्यांची कागदपत्रे, हिशेब हे सगळे जुलैवर ढकलले. दुपारी एक ते दोन फोन बागेतल्या मुलाकडे असतो आणि तो तुमचेच वाक्य म्हणतो, थोडे अधिक जोरात. खोल्यांचे काही भाडे बुडाले हे खरे, परंतु गेल्या वर्षी आढीत कुजलेल्या फळांची किंमत त्याहून जास्त होती. एका शनिवारी सगळा घोळ झालाच. त्याबद्दल समक्ष सांगेन.

तुमच्या नोकरीविषयी मी नंतर बराच विचार केला. तुमच्या स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीसाठीसुद्धा रात्री दोन वाजता बाहेर येऊन हिरवा दिवा दाखवत उभे राहायचे, आणि आत झोपलेल्या हजारभर माणसांपैकी एकालाही ते कळायचे नाही. चांगुलपणाची ही जात मला आता ओळखू येऊ लागली आहे. खेप चुकलेल्या म्हातारीला पुढच्या एस.टी.त जागा धरून देणारा कंडक्टर त्याच जातीचा, आणि आमच्या गड्यांना न मागता पाण्याची कळशी भरून ठेवणारी शेजारीणही. यांपैकी कोणी नऊ हजार रुपये घेत नाही.

पुढच्या हंगामात तुमची पेटी पहिल्याच सोमवारी निघेल, तशी रेघ मी आखून ठेवली आहे. तुमची ती वही अजून माझ्याकडेच आहे आणि तिची पाने संपत आली आहेत. दर्शनाला याल तेव्हा ती मागू नका, एवढी विनंती. बदल्यात नवी कोरी वही आणि आगळाची बाटली काकूंच्या हाती देईन.

तुमची,
पेटी उशिरा आणणारी सून