बाइंडरकाकांची मजुरी

वडोदरा,
रविवार, रात्र

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

"बाइंडरकाकांच्या उपचारांसाठी जुनी पुस्तकं विकून असे कितीसे येणार गं आई? त्यापेक्षा मी मदत मागायची एक लिंक करते, सगळ्यांना पाठवू," असं तू लिहिलं होतंस. दोन आठवडे उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. आज विक्री आटोपली, हिशेब लागला, तुझे बाबा दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याला टेकून झोपलेत, म्हणून निवांत लिहिते.

लिंकचं मी काकांना विचारलं होतं, काकूंसमोरच. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचे शब्द सावकाश येतात, पण हे वाक्य स्वच्छ आलं: "वहिनी, फोटो टाकणार ना त्यात? पलंगावरचा?" त्यावर काय बोलणार? आयुष्मान कार्डावर दवाखान्याचं भागलं. पण रोज घरी येणारा फिजिओथेरपीवाला त्या कार्डात बसत नाही, आणि उजवा हात गेलेल्या बाइंडरला सगळ्यात जास्त गरज त्याचीच. बाबांनी एकदा गुपचूप उशीखाली पाकीट ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकू ते परत घेऊन आल्या, वर डबाभर चकल्या. शाळेपासूनची दोस्ती त्यांची; बाबांना ते फार लागलं.

पुस्तकं विकायचं मला सुचवलं ते आपल्या पस्तीवाल्यानं, म्हणजे रद्दीवाल्यानं, त्याच्या नकळत. उत्तरायणाआधी माळा साफ केला आणि त्याला बोलावलं. तराजूत वरच काकांनी बांधलेला एक खंड होता, हिरव्या कापडाची पाठ, वर अबरीचा, रंगांच्या लाटांचा कागद. तो म्हणाला, "बेन, पूंठानुं वजन बाद थशे." म्हणजे काकांनी घातलेल्या पुठ्ठ्याचं वजन वजा! माझं डोकंच फिरलं. सगळं उतरवून घेतलं आणि त्याच संध्याकाळी काकांकडे गेले. म्हटलं, "पुस्तकं विकायचीत, पण निम्मी फाटकी आहेत. तुम्ही सांगा, आम्ही शिवतो. मजुरी तुमची."

त्यांनी आधी विचारलं, दर काय. मी पुस्तकामागे साठ म्हटलं. ते चाळिसावर अडून बसले. गिऱ्हाईक वर आणि कारागीर खाली ओढतोय, असा भाव मी मंगळबाजारात आजवर पाहिला नाही.

मग दहा दिवस त्यांच्या पलंगाभोवती कारखाना. मी, काकू, शेजारची गुजराती बेन आणि तिच्या कॉलेजातल्या दोन मुली. मैद्याची खळ मीच शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. मी ढवळतच राहिले, तर म्हणाले, "वहिनी, खळ आहे ती, बासुंदी नव्हे." फेव्हिकॉलला हात लावू देत नाहीत. खळ पाणी लावलं की सुटते, उद्या कुणाला पुन्हा बांधायचं झालं तर पान फाटत नाही. फेव्हिकॉल एकदा बसला की बसला. सेलोटेपचं तर नाव काढलं तरी चिडतात. आपण प्रेमानं चिकटवलेल्या त्या पट्ट्या काही वर्षांत पिवळ्या पडून अक्षरांवर डाग सोडतात, हे मी माझ्याच शब्दकोशात पाहिलं.

जुजबंदी शिवण शिकायला मला तीन दिवस लागले. सोळा पानांचा एकेक फर्मा, घडीत दाभणानं भोकं, मग सुई आतून बाहेर, दोरीला वळसा, पुन्हा आत. काका डाव्या हाताची बोटं हवेत हलवून दाखवायचे, आणि एखादा टाका सैल पडला की उजवा खांदा आपोआप उचलला जायचा. हात नाही हलला. पण खांदा हलायचा, ते काकूंनी पाहिलं आणि मीही. आम्ही दोघी त्यावर काही बोललो नाही.

आता माझी चूक. पुस्तकं मागायच्या निरोपात मी लिहिलं, "घरातली कोणतीही जुनी पुस्तकं द्या." हे "कोणतीही" मला फार महागात पडलं. बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं तीन पोती, टेलिफोन डिरेक्टऱ्या, कुणाच्या तरी कंपनीचे वार्षिक अहवाल, वाळवीनं खाल्लेली एक आख्खी पेटी. ती पेटी बाबांनी घरात आणली, आणि मी ती गच्चीवर नेऊन झाडेपर्यंत निम्मी वाळवी जिन्यात. पुन्हा कधी केलंच, तर काय नको ते आधी लिहीन. १८० किलो शेवटी त्याच पस्तीवाल्याकडे गेलं.

विक्री मंडळाच्या हॉलमध्ये होती. मुलांची गुजराती पुस्तकं अकरालाच संपली. "आ चोपडी केटलानी?" ऐकून ऐकून कान किटले. स्पर्धा परीक्षांचे नवे संच गेले, स्वयंपाकाची पुस्तकं गेली. मराठी कादंबऱ्यांकडे मात्र आमच्याच वयाचे लोक. एका आजोबांनी नातवाला पान उघडून दिलं. पोरगं घरी छान मराठी बोलतं, पण अक्षरं लावून लावून वाचत होतं आणि दुसऱ्या ओळीला कंटाळलं. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेब या ग्रंथपालाला आणून ग्रंथालयं उभी केली, लाकडी पेट्यांतून खेडोपाडी पुस्तकं फिरवली, त्या गावात हे. सेंट्रल लायब्ररीतल्या त्या काचेच्या फरशीवर पाय ठेवायला तू घाबरायचीस, आठवतं? खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून ती काच, असं काकांनीच तुला उकिडवं बसून दाखवलं होतं.

त्यावरून एक सल सांगते. एका पेटीत सयाजीरावांनी काढवलेल्या सयाजी साहित्यमालेतलं एक पुस्तक निघालं. काकांनी पान कोपऱ्याला हलकेच वाकवलं, ते बिस्किटासारखं तुटलं. "याला सुई लावू नका," म्हणाले, "कागदच आंबलाय." माझ्या मनात होतं, ते लायब्ररीला द्यावं. बाबांचं म्हणणं, ही विक्री काकांसाठी आहे, लायब्ररीसाठी नाही. एका गृहस्थांनी २,००० दिले आणि घेऊन गेले. संध्याकाळपासून मला चैन नाही. बाबांचंच बरोबर असेल, पण चैन नाही.

एकूण जमले ४१,३७०. आम्ही शिवलेली पुस्तकं २१४, म्हणजे काकांची मजुरी ८,५६०. तेवढेच मोजून त्यांनी डाव्या हातानं बाजूला सारले आणि बाकीच्या गड्डीकडे बघेनात. बाबा लाल झाले, आता भांडतात असं वाटलं. पण बाबांनी मंडळाच्या वाचनालयाची यादी काढली. त्यात शिवण सुटलेली आठशेच्या वर पुस्तकं. "हे आगाऊ," म्हणाले, "या कामाचे." काकांनी यादी दोनदा पाहिली, चार पुस्तकं बांधण्याच्या लायकीची नाहीत म्हणून काढायला लावली, आणि काकूंकडून पावती लिहून घेतली: आगाऊ, रुपये ३२,८१०. खाली डाव्या हाताची सही, आडवीतिडवी. हात परत आला नाही तर काय, हे त्या खोलीत कुणीच बोललं नाही.

तुझी लिंक वाईट होती असं मी म्हणत नाही. पैसे कदाचित जास्तच आले असते. पण ज्या माणसानं तुझा प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधून रात्री दोनला शिकंज्यातून, त्या दाबयंत्रातून काढला आणि सोनेरी अक्षरांचे पैसे घेतले नाहीत, त्याच्या उशाशी मला फोटो काढता आला नसता.

आणि हो, तुझी वरच्या खणातली इंग्रजी रहस्यकथांची आठ पुस्तकं मी न विचारता विकली. दोनशे ऐंशी आले. हवं तर माझ्याकडून वसूल कर.

उद्या पोस्टानं एक पार्सल टाकते. तुझी लहानपणची चित्रांची वही आहे, माझ्या शिवणीची. तिसरा फर्मा जरा तिरका बसलाय, काकांनी तो उसवायला सांगितला होता, मी ऐकलं नाही. मिळाली की त्यांना फोन कर, पण सकाळी दहानंतर, फिजिओथेरपीवाला गेल्यावर. आणि बोलताना मध्ये वाक्य पुरं करू नकोस. त्यांना वेळ लागतो.

तुझी,
आई