वेळ छापताना तिचा फरकही छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील घडामोडींच्या बातम्यांत 'सकाळी दहा वाजता' किंवा 'ईएसटी सायंकाळी सात' अशा वेळा नेहमी येतात, आणि त्या कुठल्या घड्याळातल्या आहेत हे वाचकाने स्वतः ताडायचे असते. बहुतेक वाचक ते ताडत बसत नाहीत. माझी विनंती अशी की, अशा प्रत्येक वेळेसोबत तारीख आणि त्या घड्याळाचा समन्वित जागतिक वेळेपासूनचा, म्हणजे जगभरची घड्याळे जिच्या आधारे लावतात त्या यूटीसीपासूनचा, फरक छापावा आणि तीन अक्षरी संक्षेप शक्यतो वापरूच नयेत.

या विनंतीमागे माझी एक फजिती आहे. एका जुलै महिन्यात न्यूयॉर्कहून प्रसारित होणाऱ्या ऑनलाइन व्याख्यानाचे निमंत्रण मला आले होते आणि त्यात वेळ दिली होती 'सकाळी १०, ईएसटी'. मी हिशेब चोख केला: ईएसटी, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागाची प्रमाणवेळ, यूटीसीच्या पाच तास मागे, म्हणून यूटीसीप्रमाणे दुपारचे तीन, आणि त्यात साडेपाच तास मिळवले की भारतात रात्रीचे साडेआठ. साडेआठच्या ठोक्याला मी हजर झालो, तेव्हा आभारप्रदर्शन चालू होते. जुलैमध्ये न्यूयॉर्कचे घड्याळ ईएसटीवर नसतेच. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत तिथे घड्याळे तासभर पुढे केलेली असतात, म्हणजे ईडीटी ही उन्हाळी वेळ चालते, आणि ती यूटीसीच्या चारच तास मागे असते. निमंत्रण लिहिणाऱ्याने सवयीने मधले एक अक्षर चुकवले आणि माझी बेरीज-वजाबाकी बिनचूक असूनही मी तासभर उशिरा पोहोचलो. तिथे 'न्यूयॉर्क, यूटीसी−४' एवढे लिहिले असते, तर चूक करायला जागाच उरली नसती.

संक्षेपांचा घोळ एवढ्यावर थांबत नाही. 'आयएसटी' म्हटले की आपल्याला भारतीय प्रमाणवेळ आठवते, म्हणजे यूटीसी+५:३०. पण इस्रायलची यूटीसी+२ ही प्रमाणवेळही आयएसटीच आणि आयर्लंडची यूटीसी+१ ही उन्हाळ्यातली वेळही आयएसटीच. (आयर्लंडच्या कायद्यात उन्हाळ्यातली वेळ हीच 'प्रमाणवेळ' आहे आणि घड्याळ मागे घेतले जाते ते हिवाळ्यात. इतरांच्या नेमके उलट.) 'सीएसटी' म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मध्य भागाची वेळ असेल तर यूटीसी−६ आणि चीनची असेल तर यूटीसी+८, दोहोंत चौदा तासांचे अंतर पडते. 'बीएसटी' ब्रिटनची उन्हाळी वेळही असू शकते आणि बांगलादेशची प्रमाणवेळही. 'जीएमटी'बद्दलचा, म्हणजे यूटीसीच्या बरोबरीच्या ग्रीनिच प्रमाणवेळेबद्दलचा, गैरसमज आणखी वेगळा आहे: जीएमटी म्हणजे लंडनच्या घड्याळात दिसणारी वेळ, असे अनेक जण धरून चालतात, पण मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत लंडनचे घड्याळ जीएमटीच्या एक तास पुढे असते.

पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून पंधरा अंशांना एक तास, हे सूत्र आपण शाळेत शिकतो. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेने ग्रीनिचचे रेखावृत्त मूळ मानले, तेव्हापासून हे सूत्र नकाशावर शोभून दिसते, पण घड्याळे नकाशाचे ऐकत नाहीत, ती सरकारांचे ऐकतात. पूर्व-पश्चिम एवढा पसरलेला चीन सगळाच्या सगळा यूटीसी+८ वर चालतो. नेपाळचा फरक पाच तास पंचेचाळीस मिनिटे आहे आणि कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाचा वजा साडेतीन तास. म्हणून फरक रेखांशावरून काढता येत नाही, तो माहीतच असावा लागतो. आणि बातमी लिहिणाऱ्याला तो शोधणे जितके सोपे, तितके हजारो वाचकांना एकेकट्याने शोधणे सोपे नाही.

फरक हाती असला की पुढचे गणित अवघड नाही. फरकाचे चिन्ह स्थानिक घड्याळ यूटीसीच्या पुढे आहे की मागे, ते सांगते. त्यामुळे स्थानिक वेळेवरून यूटीसी काढताना फरक वजा करायचा आणि यूटीसीवरून स्थानिक वेळ काढताना मिळवायचा. टोकियोत मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजले आहेत असे समजा. तिथला फरक अधिक नऊ, म्हणून यूटीसीप्रमाणे सोमवारी रात्रीचे सव्वानऊ. तिथून न्यूफाउंडलंडची हिवाळ्यातली वेळ हवी असेल तर साडेतीन तास मागे जायचे: सोमवार, सायंकाळी पावणेसहा. टोकियोवरून थेट न्यूफाउंडलंडला उडी मारू नये, वाटेत यूटीसीवर थांबावे. दोन पायऱ्या झाल्या तरी वार चुकत नाही. वजा फरक वजा केला की तो मिळवला जातो, इथे मात्र भलेभले अडखळतात, आणि संगणकवाल्यांनी त्यात स्वतःची भर घातली आहे. त्यांच्या कालविभागांच्या संचात 'ईटीसी/जीएमटी+५' असे एक नाव आहे आणि त्याचा अर्थ चक्क यूटीसीच्या पाच तास मागे असा आहे, कारण युनिक्स या संगणकप्रणालीच्या जुन्या परंपरेत पश्चिमेकडचा फरक धन धरला जाई.

तारीख छापण्याचा आग्रह मी का धरतो, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. सुमात्राच्या किनाऱ्याजवळचा महाभूकंप यूटीसीप्रमाणे २६ डिसेंबर २००४ रोजी ००:५८:५३ वाजता झाला. तेव्हा जकार्ताच्या घड्याळात सकाळचे आठ वाजायला मिनिटभर कमी होते आणि भारतात साडेसहाला मिनिटभर कमी. पण न्यूयॉर्कमध्ये २५ डिसेंबरची संध्याकाळ होती आणि प्रशांत महासागरातील त्सुनामींवर नजर ठेवणारे केंद्र ज्या हवाईमध्ये आहे, तिथे २५ डिसेंबरची दुपार. एकाच क्षणाच्या या नोंदी यूटीसीवर आणल्याशिवाय शेजारी शेजारी ठेवताच येत नाहीत. सोमालियाच्या किनाऱ्यावर लाट पोहोचायला सुमारे सात तास लागले. पण दोन्हीकडच्या स्थानिक घड्याळांची नुसती वजाबाकी केली तर तीनच तास दिसतात, कारण मधले चार तास घड्याळांच्या फरकात गडप होतात.

आपल्या भाषेची एक सवयही इथे आड येते. मराठीत 'रविवारी रात्री पावणेदोन वाजता' म्हणताना पंचांग किंवा कॅलेंडर काहीही म्हणो, आपल्या मनात ती रविवारचीच रात्र असते. अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरले ते यूटीसीप्रमाणे २० जुलै १९६९ रोजी २०:१७ वाजता, म्हणजे भारतात रात्री १:४७ वाजता. ती रात्र बोलण्यात २० जुलैची, रविवारची. तारखेने मात्र २१ जुलै, सोमवार. दोन माणसे दोन तारखा सांगतील आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतील. तेव्हा मध्यरात्रीनंतरच्या घटनांबाबत बातमीत 'रात्री' या शब्दावर न विसंबता तारीख द्यावी. जगात तर दररोज थोडा वेळ तीन तारखा एकदम नांदतात: यूटीसीप्रमाणे मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता अमेरिकन सामोआत सोमवारी रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि किरिबातीच्या पूर्वेकडील बेटांवर बुधवार उजाडण्याच्या वाटेवर, मध्यरात्रीनंतरचे साडेबारा.

उन्हाळी वेळेचा घोटाळा वर्षातून दोनदा उद्भवतो. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात पाच तासांचा फरक आहे, हे पाठ करून ठेवलेले वाक्य वर्षभर खरे नसते, कारण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या काळात तो फरक चार तासांचा होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तर घड्याळे मागे घेतली जातात, त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथे दीड दोनदा वाजला: एकदा यूटीसीप्रमाणे ५:३० वाजता आणि पुन्हा ६:३० वाजता. 'न्यूयॉर्कमध्ये रात्री दीड वाजता अपघात' एवढीच बातमी असेल, तर तो कुठल्या दीडला झाला हे त्या वाक्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. मार्चमध्ये उलट घडते, एक तास उगवतच नाही.

यावर 'मग सगळे काही यूटीसीमध्येच लिहा' असा सोपा उपाय सुचवला जातो. घडून गेलेल्या घटनेसाठी तो मला पूर्ण मान्य आहे. पुढे होणाऱ्या कार्यक्रमासाठी मात्र तो मान्य नाही, कारण मधल्या काळात सरकार घड्याळाचा नियमच बदलू शकते. सामोआने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली आणि ३० डिसेंबर हा अख्खा दिवस कॅलेंडरमधून गाळला. मार्च २०२३ मध्ये लेबनॉन सरकारने उन्हाळी वेळ पुढे ढकलण्याचा निर्णय ऐन वेळी घेतला, अनेक संस्थांनी तो जुमानला नाही आणि सरकारने माघार घेईपर्यंत काही दिवस एकाच देशात दोन वेगवेगळ्या प्रमाणवेळा चालू राहिल्या. बैरूतमधील सकाळी दहाची सभा कोणी सहा महिने आधी यूटीसीमध्ये बदलून ठेवली असती, तर सभा आणि नोंद यांची ताटातूट झाली असती. लोक सभेला जातात ते तिथल्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. म्हणून भविष्यातील कार्यक्रमाची मूळ नोंद स्थानिक वेळ आणि शहराचे नाव अशीच ठेवावी आणि फरक कार्यक्रम जवळ आल्यावर पुन्हा तपासून छापावा. संगणकांतही शहाणपणाने हेच केले जाते: आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेल्या कालविभागांच्या संचात नुसत्या फरकाऐवजी 'एशिया/कोलकाता', 'युरोप/लंडन' अशी नावे आहेत आणि प्रत्येक नावामागे त्या ठिकाणच्या नियमांचा इतिहास नोंदलेला आहे.

पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी यूटीसीत अधूनमधून घातल्या जाणाऱ्या एकेका जादा सेकंदाची, म्हणजे लीप सेकंदांची, चिंता वृत्तपत्राने करण्याचे कारण नाही. १९७२ पासून यूटीसीत असे २७ सेकंद घातले गेले, त्यांतला शेवटचा २०१६ च्या अखेरीस. बातमीच्या वेळेला त्याने काही फरक पडत नाही.

मला अभिप्रेत असलेली ओळ अशी दिसेल: 'न्यूयॉर्क, १८ मार्च, सकाळी १०:०० (यूटीसी−४), भारतात १८ मार्च, सायंकाळी ७:३०'. आणि घटना घडून गेलेली असेल, त्यातही ती दोन-तीन देशांत पसरलेली असेल, तर बातमीत एकदा तरी यूटीसीमधील वेळ तारखेसह यावी. वाचकांना सुरुवातीला हे खटकेल, म्हणून पहिले काही आठवडे आंतरराष्ट्रीय पानाच्या तळाशी फरकाच्या चिन्हाचा अर्थ दोन ओळींत द्यावा, अशीही सूचना करतो.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक