दुर्बिणीचे वय नावावरून काढू नका

संपादक महोदय,

पितळी नळी दिसली की ‘शंभर वर्षांपूर्वीची’ आणि तिच्यावर ‘लंडन’ कोरलेले असले की ‘अस्सल इंग्रजी’, एवढ्यावर जुन्या भिंगाच्या दुर्बिणी विकल्या जातात. विकणाऱ्याचे एक वेळ ठीक, पण घेणारेही तेच धरून चालतात. नळीवरचे नाव पुष्कळदा बनवणाऱ्याचे नसतेच, ते विकणाऱ्याचे असते. डॉलंड या लंडनच्या दुर्बीणकारांचे नाव तर इतके खपले की त्याच्या नकला निघाल्या आणि काहींवर स्पेलिंगसुद्धा चुकले, शेवटच्या ‘ओ’च्या जागी ‘ए’!

नावापेक्षा त्याखालचा पत्ता जास्त बोलतो. लंडनच्या पत्त्यात ‘ई.सी.’पुढे आकडा असेल तर ती अक्षरे १९१७ च्या आधी कोरलेली नाहीत, कारण टपाल विभागांना आकडे त्या वर्षी मिळाले. अमेरिकी पत्त्यातला पाच आकडी झिप कोड १९६३ पासूनचा. ‘टी. कुक अँड सन्स, यॉर्क’ असेल तर दुर्बीण साधारण १९२२ पूर्वीची. त्या वर्षी ट्राउटन अँड सिम्सशी विलीनीकरण होऊन कंपनीचे नाव बदलले. ‘ऑक्युपाइड जपान’ असा छाप १९४७ ते १९५२ या काळातला. ‘वेस्ट जर्मनी’ १९४९ ते १९९० या काळातले.

जपानी ६० मिलिमीटरच्या दुर्बिणींत गोंधळ सर्वांत जास्त. फोकसर, म्हणजे प्रतिमा स्पष्ट करायला पुढे-मागे सरकणारा भाग, त्याजवळच्या पट्टीवर ‘डी=६० मिमी, एफ=९०० मिमी’ (भिंगाचा व्यास आणि नाभीय अंतर) असे काहीतरी असते आणि वर टास्को किंवा सिअर्स हे नाव. हे दोघेही विकणारे. कारखान्याची खूण बारीक असते, ती शोधावी लागते; वर्तुळातला ‘टी’ म्हणजे तोवा. युनिट्रॉन नावाची दुर्बीण निहोन सेइको ही जपानी कंपनी बनवत असे आणि तीच दुर्बीण युरोपात पोलारेक्स नावाने जाई. सोनेरी लंबगोल ‘पास्ड’ स्टिकर निर्यातीपूर्वीच्या तपासणीचा असतो, त्यावरून वर्ष कळत नाही. नेत्रिकेची, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाची, नळी ०.९६५ इंच, म्हणजे २४.५ मिलिमीटर भरली तर जुना जपानी साचा समजावा, १.२५ इंच भरली तर फोकसर मूळचाच आहे ना, हे आधी पाहावे.

खरा पुरावा वस्तुभिंगात, म्हणजे नळीच्या पुढच्या मोठ्या भिंगात, असतो. अंधाऱ्या खोलीत भिंगापासून हातभर अंतरावर छोटा टॉर्च किंचित तिरका धरा आणि काचेत दिसणारे त्याच्या प्रतिबिंबांचे ठिपके मोजा. ठळक ठिपके चार दिसले तर भिंगातल्या क्राऊन आणि फ्लिंट या दोन वेगळ्या प्रकारच्या काचांमध्ये हवेची फट आहे. तीनच असतील तर काचा चिकटवलेल्या आहेत. आता रंग बघा. सगळे ठिपके पांढरेफटक असतील तर काचेवर लेप नाही. निळसर-जांभळे असतील तर मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकेरी थर. हिरवट झाक बहुस्तरी लेपाची, म्हणजे बहुधा १९७० नंतरची. परावर्तन कमी करणारा लेप झाइस या जर्मन कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला. त्यामुळे लेप मूळचा असेल तर दुर्बीण त्याआधीची असू शकत नाही. उलट मात्र खरे नाही. लेप नसलेली स्वस्त भिंगे युद्धानंतरही कित्येक वर्षे निघत होती, काहींत तर लेप फक्त बाहेरच्या पृष्ठावर, खरेदीदाराला दिसेल एवढाच!

भिंग मूळचेच आहे का, हे फूटपट्टी सांगते. नेत्रिका काढा, नळी लांबच्या झाडाकडे रोखा, मागे बटर पेपर धरून उलटी प्रतिमा स्पष्ट करा आणि भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर मोजा. पट्टीवर ९०० आणि मोजणीत ७०० आले, तर भिंग किंवा पट्टी दुसऱ्या दुर्बिणीची आहे. जाहिरातीत ‘दुर्मीळ’ लिहिण्याऐवजी हा एक आकडा, भिंगाचा व्यास आणि ठिपक्यांचा रंग छापला तर निम्मे वाद मिटतील.

स्क्रूवर फार विसंबू नये. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा, पण तो कुणीही नंतर बसवलेला असू शकतो. सगळे स्क्रू सारखे आणि खाचा न खरवडलेल्या असतील, तरच त्यांची साक्ष धरावी. क्रोमियमचा चकचकीत मुलामा १९२० च्या दशकाच्या मध्यापासूनचा. पितळ घासून चमकवू नका, मूळचा लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, जातो आणि त्याबरोबर किंमतही.

भिंग उघडण्याचा मोह आवरावा. उघडावेच लागले तर आधी दोन्ही काचांच्या कडांवरून पेन्सिलीची एकच उभी रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना काचा एकमेकींशी फिरणार नाहीत. मध्ये १२० अंशांवर पातळ वर्खाचे तीन तुकडे असतात, ते हरवले की फट बिघडते. बहुतेक दुर्बिणींत क्राऊन, म्हणजे दोन्ही बाजूंनी फुगीर काच, आकाशाकडे असते. अनोळखी हातांनी ती उलटी बसवलेली असते तेव्हा तारा कितीही फोकस केला तरी टिंब होत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या कारखान्याला लागतो.

पेटीत ‘सन’ लिहिलेली, नेत्रिकेत बसवायची गडद काच सापडली तर ती वापरू नका. वस्तुभिंगाने एकवटलेली उष्णता तिच्यावरच पडते, ती पाहता पाहता तडकते आणि मागे डोळा असतो. वय ठरवायला तिचा फोटो पुरे. काच फोडून टाकावी.

— एक आकाशनिरीक्षक