पोटदुखीतला फ्लू ओळखणाऱ्यांचे आभार

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या आशाताई, नर्सबाई, लॅबवाले आणि १०८ चे चालक, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.

फ्लू किंवा कोविडमध्ये कधी कधी खोकल्याआधी पोटच दुखतं, उलट्या-जुलाब होतात, लहान मुलांत तर जास्तच. फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झाला की छाती आणि पोट यांच्या काही नसा एकच असल्याने दुखणं पोटात जाणवतं आणि संशय अपेंडिक्सवर जातो. अशा वेळी तुम्ही पोरग्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजता, हे फार मोलाचं आहे. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. पंधरा सेकंद मोजून चौपट केलं की आकडा चुकतो, कारण मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. रडणारं मूल शांत होईपर्यंत तुम्ही थांबता, तेही तितकंच महत्त्वाचं.

सोनोग्राफीत अपेंडिक्स ६ मिमीच्या आत, म्हणजे सूज नसलेलं, पण आतड्याजवळच्या लसिका गाठी सुजलेल्या, असं स्पष्ट लिहून देणाऱ्यांचे आभार. स्वॅब २ ते ८ अंशांत पोहोचवणाऱ्यांचेही. आणि सगळ्यात जास्त, फ्लू पॉझिटिव्ह आल्यावरही काही तासांनी पोट पुन्हा तपासायला लावणाऱ्यांचे; फ्लू आणि अपेंडिक्सची सूज, दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात.