येंगेनच्या क्लबाचं पुढे काय झालं

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

येंगेनसारख्या अडीच हजार वस्तीच्या गावाचा फुटबॉल संघ अख्ख्या ओशनिया खंडाचा विजेता होतो कसा, आणि मग त्याचं नाव कानावर का पडत नाही, असं तू विचारलंस. दोन्हीचं उत्तर मला एकच दिसतं, पण ते दोन ओळींत मावणारं नाही.

आधी भूगोल. न्यू कॅलेडोनिया ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, फ्रान्सच्या ताब्यात. मुख्य बेट ग्रांद तेर साधारण ४०० किलोमीटर लांब, पन्नास-साठ रुंद, मधून डोंगरांची रांग. राजधानी नूमेया दक्षिण टोकाला आणि येंगेन ईशान्य किनाऱ्यावर. नूमेयाहून पश्चिम किनाऱ्याने कोनेपर्यंत यायचं, तिथून घाट ओलांडून तिवाकाला उतरायचं, मग तूओवरून किनाऱ्याकिनाऱ्याने येंगेन. सुमारे ३८० किलोमीटर, पाच तास. गावाच्या पुढे वायेम नदीवर पूलच नाही, गाड्या तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात. पूर्व किनारा पावसाचा आणि नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम. राजधानीत एक सामना म्हणजे ७६० किलोमीटर जाऊन-येऊन, आणि सोमवारी सकाळी प्रत्येकाला कामावर हजर व्हायचं. क्लबाच्या खर्चात पगारापेक्षा डिझेल जड का पडतं ते यावरून कळेल.

गाव तसं नावाजलेलं आहे. कनाक म्हणजे तिथले मूळ रहिवासी; त्यांच्या चळवळीचा नेता जाँ-मारी चिबाऊ इथला महापौर होता. डिसेंबर १९८४मध्ये इथल्याच खोऱ्यात दबा धरून दहा कनाकांना मारलं, त्यात त्याचे दोन भाऊ गेले. येंगेन स्पोर्ट हा क्लब १९९७चा. कनाक गावांत फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही चालतं, हे मुद्दाम सांगतो, तुला आवडेल.

आता २०१९. ओशनियाची चॅम्पियन्स लीग, म्हणजे खंडातल्या क्लबांची स्पर्धा, २०११ ते २०१७ सलग सात वर्षं न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीने जिंकली, २०१८ला तिथल्याच टीम वेलिंग्टनने. त्याआधी छोट्या बेटांवरच्या एकाच क्लबाने ती जिंकली होती, पापुआ न्यू गिनीच्या हेकारी युनायटेडने, २०१०मध्ये. त्या वेळी अंतिम फेरी दोन सामन्यांची होती: घरी ३-०, न्यूझीलंडमध्ये १-२, बेरीज ४-२. २०१९ला मात्र बाद फेरीचा प्रत्येक टप्पा एकाच सामन्याचा, आणि दोन्ही उपांत्य सामने नूमेयातच. न्यूझीलंडचे दोन्ही संघ तिथे येऊन हरले, आणि ११ मे रोजी नुमा-दाली स्टेडियमवर न्यू कॅलेडोनियाचेच दोन क्लब समोरासमोर आले. हे मैदान नूमेयाच्या माजेंता भागात, म्हणजे प्रतिस्पर्धी एएस माजेंताच्या अंगणात. उत्तरार्धात आंत्वान रोआनने दुरून मारलेल्या एकमेव गोलवर येंगेन जिंकलं.

लोक याला चमत्कार म्हणतात. मला त्यात हिशेब दिसतो. सामने जितके कमी, तितकी दुबळ्या संघाला संधी जास्त. साखळीत दहा सामने खेळवलेस तर ज्याच्याकडे बावीस सारखे खेळाडू तोच वर येतो. दोन सामन्यांची फेरी असती तर पंचवीस माणसांची विमानाची तिकिटं, चार रात्रींचं हॉटेल आणि सगळ्यांच्या रजा, आणि त्यात दोन मोहरे घरीच राहिले असते. नोकरदार खेळाडू दुखापतीपेक्षा रजेमुळे जास्त गळतात. बेटांवरच्या संघांना तेच ग्रासतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती, तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही: पासपोर्ट. न्यू कॅलेडोनियाचे खेळाडू फ्रेंच नागरिक, त्यामुळे ऑस्ट्रेलियाची परवानगी ऑनलाइन आणि फुकट मिळते. सॉलोमन किंवा वानुआतूच्या क्लबाला रीतसर व्हिसा काढावा लागतो, आणि या भागातल्या बऱ्याच विमानप्रवासांत ब्रिस्बेन किंवा सिडनी मध्ये येतंच. पंधरा दिवस आधी संघ ठरला आणि एकाच्या जन्मदाखल्यावर आडनाव वेगळं निघालं, की तो खेळाडू गेलाच समज.

मग दोहा. ११ डिसेंबर २०१९, क्लब विश्वचषकाचा पहिला सामना, समोर यजमान कतारचा विजेता अल सद्द, प्रशिक्षक झावी. येंगेनचा प्रशिक्षक ताहितीचा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू फेलिक्स तागावा. २६व्या मिनिटाला अल सद्दच्या बगदाद बुनेजाने गोल केला. मध्यंतरानंतर पहिल्याच मिनिटाला रोआनने बरोबरी साधली आणि नव्वद मिनिटं १-१वर संपली. जादा वेळेत १००व्या आणि ११४व्या मिनिटाला अल सद्दने दोन गोल केले. ३-१.

ही शेवटची तीस मिनिटं तुझ्या संघातल्या पोरांसाठी नीट बघण्यासारखी आहेत. मधला खेळाडू नव्वद मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर धावतो, जादा वेळेत त्यावर आणखी तीनेक. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधन म्हणून साठवलेल्या साखरेचा, साठा तोवर तळाला गेलेला असतो. आठवड्याला तीन संध्याकाळ सराव करणाऱ्याचा तो व्यावसायिकापेक्षा लवकर संपतो, आणि संपला की पहिला पाय नाही, निर्णय मंदावतो. माणूस चेंडूकडे बघत राहतो आणि पाठीमागचा सुटतो. तेव्हा बदली खेळाडू तीन आणि जादा वेळेत चौथा, एवढीच मुभा होती. चौथा उतरवला तरी मैदानावर सात जण सुरुवातीपासूनचेच. त्यात नूमेया आणि दोहाच्या घड्याळांत आठ तासांचा फरक. शरीर तासाला एक दिवस या अंदाजाने जुळतं धरलं तर आठवडाभर आधी पोचायला हवं, म्हणजे पुन्हा रजा.

तुझ्या पोरांच्या खाण्याचा हिशेब असा. सामन्याच्या आदल्या दिवशी वजनाच्या किलोमागे सहा ते आठ ग्रॅम कर्बोदकं. ७० किलोच्या मुलाला ४२० ते ५६० ग्रॅम. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २८च्या आसपास असतात, म्हणजे नुसत्या भातावर भागवायचं तर दीड ते दोन किलो भात. कोणी खात नाही. म्हणून केळी, पाव, गूळ, रस यांत वाटून द्यायचं. तिकडे कोनफळ, अळकुड्या आणि टॅपिओका हे मुख्य अन्न; चांगलं आहे, पण चोथा जास्त, त्यामुळे आदल्या रात्रीपर्यंतच. सामन्याच्या सकाळी तेच खाल्लं तर पोटात दगड. मध्यंतराला अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. सामन्याआधी आणि नंतर वजन करून वहीत लिही: दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटलं तर तो मुलगा कमी पाणी पितोय. घटलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत दीड लिटर भरून काढायचं.

पैशाचं म्हणशील, तर पहिल्या फेरीत हरणाऱ्याला पाच लाख डॉलर ठरलेले होते. पॅसिफिक फ्रँक युरोला ११९.३३ या दराने बांधलेला आहे, त्या हिशेबाने सव्वापाच कोटी फ्रँकच्या वर. ऐकायला खूप वाटतं. पण ही रक्कम एकदाच येते आणि नूमेयाच्या फेऱ्या दर हंगामात असतात. अशा पैशातून दोन बाहेरचे खेळाडू आणले तर एक-दोन हंगामांत तो संपतो आणि मागे पगाराची सवय राहते. बस, मैदानाचा निचरा आणि मुलांच्या दोन गटांचे प्रशिक्षक, इतकंच घ्यावं असं माझं मत.

पुढचं लवकर सांगतो, कारण क्लबाच्या हातात त्यातलं फार थोडं होतं. २०२०ची चॅम्पियन्स लीग महासाथीत अर्धवट राहिली. मे २०२४मध्ये मतदारयाद्यांच्या प्रश्नावरून न्यू कॅलेडोनियात दंगली पेटल्या, रस्ते अडले, विमानतळ बंद झाला. देशाच्या संघाने त्या वर्षीच्या ओशनिया नेशन्स कपमधून माघार घेतली. त्याच वर्षी कोनेजवळच्या कोनियाम्बो निकेल कारखान्याच्या भट्ट्या थंडावल्या, सुमारे बाराशे नोकऱ्या गेल्या. उत्तर प्रांतात एवढा मोठा दुसरा मालक नाही. जर्सीवर नाव छापून घेणारा दुकानदार, बस देणारा कंत्राटदार, सगळे त्याच पैशावर जगत होते.

आणि आता जानेवारी २०२६पासून ओशनियाची व्यावसायिक लीग. आठ संघ: न्यूझीलंडचे दोन, फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन, वानुआतू आणि ताहितीचा प्रत्येकी एक, आणि आठवा चक्क मेलबर्नचा. न्यू कॅलेडोनियाचा एकही नाही. हे संघ मैदानावर जिंकून आलेले नाहीत, अर्ज आणि अंदाजपत्रकं तपासून निवडलेले आहेत. लीगचे सामने एकेका शहरात गठ्ठ्याने होतात. प्रवास वाचतो, पण खेळाडू आठवडेच्या आठवडे घराबाहेर. नोकरी सांभाळून ते जमणारच नाही. २०१९ला येंगेनला जो एकेका सामन्याचा मार्ग मिळाला, तसा मार्ग या लीगकडे जात नाही. माझ्या मते लीग व्हायला हवीच होती, पण तिच्यात खालून वर यायचं दार ठेवलं नाही ही चूक आहे. रॉय कृष्णासारखा फिजीतल्या लाबासाचा मुलगा बाहेर पडून ऑकलंड-वेलिंग्टनमार्गे कोलकात्याला पोचला, तसे एकेकटे जात राहतील. गावाचा गाव म्हणून संघ वर जाणं अवघड झालं. फ्रेंच कपची एक खिडकी मात्र उघडी आहे: न्यू कॅलेडोनियाच्या एका संघाला सातव्या फेरीत थेट जागा मिळते. त्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जायचं, तेही बहुधा एकाच सामन्यापुरतं.

कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे संघ आहेत, त्यामुळे गाव-क्लब म्हणजे काय हे तुला मी शिकवायला नको. मैदानाचं तेवढं लिहितो, तू विचारलंच होतंस. मैदानाच्या लांबीने जाणारा मध्य उंच आणि दोन्ही बाजूंच्या कडा खाली, एक टक्का उतार: ६८ मीटर रुंदीला मध्य कडेपेक्षा ३४ सेंटिमीटर वर. पावसाळ्यानंतर दाताळ्याने दहा सेंटिमीटर खोल भोकं पाडून त्यात धुतलेली वाळू झाड, नाहीतर माती घट्ट बसते आणि गोलपोस्टसमोर आधी चिखल, मग फरशी. गवत २५ ते ३० मिलिमीटर. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नको, मुळांची वाढ खुंटते. आणि रेघा मारायला चुनाभट्टीचा चुना बंद कर. ओल्या अंगाला आणि डोळ्याला तो भाजतो. खडूची पूड किंवा पाण्यातला रंग वापर.

उताराची मापं घेतलीस की कागदावर काढून पाठव; गटार कोणत्या बाजूला काढायचं ते तेवढ्यावरून सांगता येईल. काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद