रिपोर्ट येईपर्यंत

सातारा,
ता. १८ जानेवारी

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का रे?" आजूबाजूला माणसं होती, म्हणून टाळलं. आता लिहितो.

मध्यंतरी लघवीला जळजळ सुरू झाली. घरात सगळ्यांना वाटलं, उन्हाळी लागली असेल. धन्याचं पाणी झालं, सब्जा झाला. मग हुडहुडी भरून ताप आला, धार बारीक झाली, तेव्हा दवाखाना गाठला. लघवीच्या कल्चर तपासणीत जंतू निघाले. त्याच वेळी रक्तातलं पीएसए, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन, तपासलं होतं, ते ११ आलं. साधारणपणे ते ४ च्या आत असावं असं धरतात. तो ठळक छापलेला आकडा पाहिला आणि हातपाय गार पडले. प्रोस्टेटच्या कॅन्सरनं आमच्या काकांचे काय हाल झाले, ते तू पाहिलेस.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. जंतुसंसर्गानं प्रोस्टेटला सूज आली की पीएसए रक्तात जास्त उतरतं, आणि सूज ओसरल्यावरही ते लगेच खाली येत नाही. म्हणून आधी अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करायचा आणि ६ ते ८ आठवड्यांनी रक्त पुन्हा द्यायचं. तेव्हाही वाढलेलंच असलं तर एमआरआय, आणि गरज पडली तर बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणी. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेलं दिसलं. लघवी झाल्यावरही थोडी आत उरते, आणि अशा साचलेल्या लघवीत जंतूंचं फावतं. हे वयानुसार होतं, त्याचा अर्थ कॅन्सर नव्हे.

दिवसा हे सगळं पटतं. रात्री उठावं लागलं की मात्र काही केल्या पटत नाही. परत येऊन अंधारात मोबाईलवर शोधत बसायचो आणि वाचू तेवढी झोप उडायची. आता मोबाईल रात्री बाहेरच्या खोलीत असतो. उशाशी वही ठेवली आहे. पाणी किती प्यालो, लघवी केव्हा आणि किती झाली, हे डॉक्टरांनी टिपायला सांगितलंय. मागच्या पानांवर मी रात्री सुचलेले प्रश्न लिहितो. लिहिलं की डोक्यातली घरघर थांबते. उठावं लागू नये म्हणून पाणीच तोडावंसं वाटतं, पण तेही करायचं नाही. दिवसभर नीट प्यायचं, झोपण्याआधी दोन-तीन तास आवरतं घ्यायचं.

मालतीला आकडा सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "रात्री जाग आली की मलाही उठवत जा." त्या एका वाक्याचा मला केवढा आधार झाला! आपण पुरुषमाणसं शुगर, गुडघे चारचौघांत काढतो आणि लघवीचं नाव आलं की गप्प होतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण काकाही असेच गप्प राहिले होते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रक्त द्यायचंय. त्याआधी दोन दिवस सायकल बंद, तिनंही आकडा वाढू शकतो. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचं त्या दिवशी तू बरोबर हवास. ते बोलायला लागले की माझ्या कानात निम्मंच शिरतं, आणि मालतीलाही धीर द्यायला घरचं माणूस हवं. आदल्या दिवशीच मुक्कामाला ये. तारीख ठरली की कळवतो. आणि तूही रात्री किती वेळा उठतोस, ते आल्यावर खरं सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद