चर्चिल मराठीत आणा, पण कापलेला नको: मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

विन्स्टन चर्चिल २४ जानेवारी १९६५ रोजी वारले. भारतीय कायद्याप्रमाणे त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क ३१ डिसेंबर २०२५पर्यंतच होता. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे पंचविशीच्या आतबाहेरचे लेखन मराठीत आणावे, अशी आमची मागणी आहे. साम्राज्याबद्दल हा माणूस काय मानत होता, ते तिथे उघड दिसते. आवृत्ती चुकली, तर मात्र दिसत नाही.

सुदानवरच्या ब्रिटिश स्वारीचा त्यांचा इतिहास ‘द रिव्हर वॉर’ घ्या. १८९९ची मूळ आवृत्ती दोन खंडांची. सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईनंतर तिथला दिवंगत धर्मनेता महदी याच्या कबरीची आणि प्रेताची जी विटंबना झाली, तिच्याबद्दल त्यात सेनापती किचनरवर सडकून टीका आहे. इस्लामवरचा कुप्रसिद्ध उताराही त्यातच. १९००मध्ये चर्चिल खासदार झाले. १९०२च्या एकखंडी आवृत्तीतून सुमारे एक तृतीयांश मजकूर गळाला. ती टीका बहुतांशी गेली आणि तो उताराही गेला. अनुवादकाच्या हाती हीच प्रत पडली, तर सेनापतीला जाब विचारणारा चर्चिल हरवतो आणि जितांच्या धर्माला हिणवणाराही.

हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या १८९७च्या मोहिमेवरील मालाकंडच्या पुस्तकाला उलटा नियम लावावा लागेल. १८९८ची पहिली आवृत्ती टाळावी. चर्चिल हिंदुस्थानात असल्याने मुद्रिते मावशीचे यजमान मोर्टन फ्रूएन यांनी तपासली आणि चुकांचा सडा पडला. नंतरची दुरुस्त आवृत्तीच घ्यावी.

याहून मोठा घोळ तारखांचा. त्याच मोहिमेत ब्रिटिश फौजेने मामुंद खोऱ्यात घरे पाडली, विहिरी बुजवल्या, सावलीची झाडे तोडली, हे वर्णन १८९७चे समजून सर्रास दिले जाते. ते १९३०च्या आत्मचरित्रातले, पंचावन्न वर्षांच्या माणसाचे आहे. तेवीस वर्षांचा चर्चिल पुस्तकात गावे जाळण्याचे समर्थन करतो; इथे प्रत्येक माणूस लढवय्या, असा त्याचा युक्तिवाद. सप्टेंबर १८९७च्या खासगी पत्रात तर, सामना करणाऱ्याला जिवंत सोडायचे नाही, असे तो मित्राला सरळ कळवतो. म्हणून प्रत्येक उताऱ्याखाली लिहिल्याची तारीख, छापल्याची तारीख, आवृत्ती आणि मजकूर कोणासाठी लिहिला, हे छापलेच पाहिजे.

खासगी पत्रे चर्चिल यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली असतील, तर त्यांची ६० वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात. ती घेण्यापूर्वी मंडळाने प्रत्येक पत्राच्या प्रथम प्रकाशनाचे वर्ष तपासावे आणि मुदत उरली असल्यास लेखी परवानगी मागवावी.